जपानीत 'देस' म्हणजे आपलं 'आहे'च ना? मग जपानी लोक ते मध्येच गाळतात कसं?

तुम्ही लिहिलंय की क्लासमध्ये 'देस म्हणजे आहे' असं शिकवलं, आणि तुमची ओसाकाची मैत्रीण मेसेजमध्ये नुसतं 'आश्ता यासुमि' (उद्या सुट्टी) लिहून मोकळी होते. ना 'देस', ना त्याच्या जागी येणारा 'दा'. मग ती चुकते की क्लास चुकतो, आणि 'दा' नक्की लावायचा कुठे?

क्लास चुकतो.

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण याच मुद्द्यावरून माझं एका माणसाशी कायमचं बिनसलं आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल. 'कोरे वा होन देस' (हे पुस्तक आहे) वगैरे पहिल्या धड्यातलं तुम्हाला येतं असं धरून चालते.

जपानी वाक्याच्या शेवटी तीन प्रकारची विधेयं येऊ शकतात. एक क्रियापद, दुसरं 'इ'ने संपणारं विशेषण, तिसरं नाम. क्रियापद आपलं आपण चालतं: 'ताबेरु' खातो, 'ताबेता' खाल्लं, 'ताबेनाइ' खात नाही. विशेषणही तसंच, आणि मराठी माणसाला इथे पहिला धक्का बसतो: 'ताकाइ' महाग आहे, 'ताकाकात्ता' महाग होतं, 'ताकाकुनाइ' महाग नाही. काळ आणि नकार विशेषणाच्याच पोटात. नामाला मात्र हे जमत नाही. 'आमे' म्हणजे पाऊस, त्याला भूतकाळाचं रूप कुठून येणार? म्हणून 'दा' लागतो: 'आमे दा', 'आमे दात्ता', 'आमे ज्या नाइ'. 'दा' ही नामाशेजारी ठोकलेली खुंटी आहे. काळ, नकार, आदर, ठामपणा यातलं जे टांगायचं असेल ते तिच्यावर टांगायचं. टांगायला काही नसेल तर खुंटी नसली तरी भिंत पडत नाही. विधेय आहे ते नाम.

'आश्ता यासुमि'मध्ये काळ 'उद्या'ने सांगितला, नकार नाही, मैत्रिणीशी बोलताना आदराचा प्रश्न नाही. वाक्य पूर्ण आहे.

हेच मी चाकणला एका सुट्या भागांच्या कारखान्यात दुभाषी आणि भाषांतरकार म्हणून काम करत असताना सांगत होते. आमच्या विभागात एक ज्येष्ठ सर होते. ते जपानी भाषेच्या परीक्षेत जुन्या पद्धतीतले 'इक्क्यू', म्हणजे आता 2010 पासून ज्याला एन-वन म्हणतात ती सर्वात वरची पातळी. निम्म्या विभागाला त्यांनीच कधी ना कधी शिकवलेलं, मीही त्यातलीच. माणूस कष्टाळू, कांजी तर तोंडपाठ. पण व्याकरणाची बैठक इंग्रजीच्या शाळेतली: कर्ता, क्रियापद, कर्म. क्रियापद नाही तर वाक्य नाही. आणि नामाच्या वाक्यात क्रियापद कुठलं, तर 'देस'.

एकदा एका ब्रॅकेटच्या तक्रारीचा 'फुगुआइ होउकोकुश्यो', म्हणजे दोषाचा अहवाल, जपानला जायचा होता. वर तक्ता, खाली चार ओळींचा सारांश. तक्त्यात मी लिहिलं, 'गेंइन: बोरुतो नो युरुमि' (कारण: बोल्ट सैल होणे) आणि 'ताइसाकु: तोरुकु नो साइकाकुनिन' (उपाय: टॉर्कची फेरतपासणी). नामावर ओळ संपवली. जपानीत या शैलीला 'ताइगेन-दोमे' असं रीतसर नाव आहे. वर्तमानपत्रांचे मथळे असेच असतात, तान्का आणि हायकूत ही रीत शतकानुशतकं चालत आली आहे, आणि कारखान्यातला तक्ता तर दुसऱ्या कुठल्या शैलीत मी पाहिलेलाच नाही.

सरांनी प्रत्येक ओळीला 'देस' जोडला. 'युरुमि देस.' 'साइकाकुनिन देस.' सारांशात मी 'दे आरु', म्हणजे 'दा'चंच लांब, लेखी रूप, वापरलं होतं, तिथेही काही ओळींत 'देस' केला, काही त्यांच्या नजरेतून सुटल्या. मी विचारलं तर म्हणाले, "वाक्य अर्धवट सोडणं म्हणजे समोरच्याचा अपमान. आणि 'दे आरु' उद्धट वाटतं."

'दे आरु' उद्धट नाही. ते लेखी आहे. बोलताना कुणी 'दे आरु' म्हणालं तर भाषण ठोकतोय असं वाटेल, पण शोधनिबंध, संपादकीयं आणि तांत्रिक अहवाल हे त्याचं हक्काचं घर. मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बोलीच्या जवळ जाणारं गद्य घडवायला निघालेल्या लेखकांनी वाक्याच्या शेपटावरूनच प्रयोग केले: फुताबातेइ शिमेइने 'दा' घेतला, यामादा बिम्योउने 'देस', ओझाकी कोउयोउने 'दे आरु'. एवढ्या मोठ्या चळवळीत या तिघांची ओळख आजही जपानी शाळांत वाक्याच्या शेवटावरून करून दिली जाते. तर ही निवड आदर-अनादराची नाही. लिखाणाचा बाज कुठला, याची आहे. आदर समोर माणूस असताना लागतो, तक्त्याच्या चौकटीला कसला आदर?

हे मी सगळं इतकं नीट बोलले नाही, हे खरं. कँटीनमध्ये जेवताना वाद पुन्हा निघाला. सर म्हणाले, "कुठल्याही भाषेत क्रियापदाशिवाय वाक्य होत नाही." आदल्याच दिवशी त्यांनी याच टेबलावर मुलीसाठी आलेल्या स्थळाची माहिती दिली होती. मी म्हटलं, "सर, काल तुम्हीच सांगितलंत. मुलगा इंजिनिअर, पगार चांगला, फ्लॅट स्वतःचा, आई शिक्षिका. यात क्रियापद कुठलं?"

टेबल हसलं. सर हसले नाहीत. "ते बोलणं झालं, ती भाषा नाही," असं म्हणून ताट उचलून गेले. त्यानंतर माझ्या कामावर त्यांचं लाल पेन जास्तच चालायला लागलं.

पण मुद्दा बघा. लग्न ठरवणाऱ्या कुठल्याही मराठी घरात हीच वाक्यरचना ऐकू येते. 'हा माझा भाऊ.' 'माझं नाव अमुक.' 'पुणे तिथे काय उणे.' 'आहे' कुठेच नाही आणि कुणाला अर्धवटही वाटत नाही. आता तेच स्थळ मागच्या वर्षीचं असेल तर? 'मुलगा इंजिनिअर होता.' आता 'होता' गाळून बघा, जमत नाही. जपानीतही 'गाक्सेइ'वर थांबता येतं, पण 'तेव्हा विद्यार्थी होतो' सांगायचं तर 'गाक्सेइ दात्ता' किंवा 'गाक्सेइ देश्ता' म्हणावंच लागतं. मराठी माणसाला हे इतरांपेक्षा सोपं जायला हवं. अडचण अशी की आपण जपानी इंग्रजीतून शिकतो, आणि इंग्रजीची टोपी जपानीच्या डोक्यावर ठेवतो.

नकाराचंही तसंच. जुन्या वळणाच्या मराठीत 'पुस्तक नाही' आणि 'हे पुस्तक नव्हे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात पुस्तकच नाही, दुसऱ्यात वस्तू आहे पण ती पुस्तक नव्हे. जपानीत अनुक्रमे 'होन गा नाइ' आणि 'होन ज्या नाइ'. गोव्याकडे तर हा भेद अजून जिवंत आहे, 'ना' वेगळं आणि 'न्हय' वेगळं. आपण शहरी मराठीवाले सगळीकडे 'नाही' ठोकतो आणि मग 'ज्या नाइ' आणि 'नाइ' यांत घोळ घालतो. आजीला विचारलं असतं तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

'आहे'चंही हेच. 'घरात आई आहे', 'टेबलावर पुस्तक आहे', 'आई शिक्षिका आहे' या तिन्हींत आपलं एकच 'आहे'. जपानीत पहिल्याला 'इरु', कारण सजीव. दुसऱ्याला 'आरु', कारण निर्जीव. तिसऱ्यालाच फक्त 'दा'. ज्याने 'देस म्हणजे आहे' घोकलं तो 'टेबलावर पुस्तक आहे'ला 'त्सुकुए नो उए नि होन देस' म्हणतो, आणि मग ते चूक का, हे क्लासमध्ये कुणालाच सांगता येत नाही.

अहवालाचं काय झालं ते राहिलं. आमच्या 'काच्योउ'नी, म्हणजे जपानी विभागप्रमुखांनी, तो पाठवण्याआधी वाचला. तक्त्यातले सगळे 'देस' एका उभ्या रेघेने खोडले. सारांशात जिथे 'दे आरु' आणि 'देस' सरमिसळ झाले होते तिथे गोल करून समासात लिहिलं, 'तोउइत्सु'. म्हणजे एकसारखं करा. कारण एकाच मजकुरात 'देस-मास'ची आदराची शैली आणि 'दा' किंवा 'दे आरु'ची शैली मिसळायची नाही, हे जपान्यांना शाळेतल्या निबंधापासून बजावलेलं असतं. मी म्हटलं, बघा, देस खोडले. सर म्हणाले, बघ, एकसारखं करा म्हणालेत, म्हणजे सगळीकडे देस. काच्योउंना विचारायला गेलो तर ते घाईत होते. "दोच्चि देमो इइ", कुठलंही चालेल, म्हणाले आणि गाडीत बसून गेले. तो वाद तिथेच लोंबकळत राहिला. सर पुढे निवृत्त झाले.

तुमच्या प्रश्नाकडे. 'दा' म्हणजे 'देस'चं घरगुती रूप, असं सगळे सांगतात. ते अर्धंच. जपानी शालेय व्याकरण 'दा'ला 'दान्तेइ'चं साहाय्यक म्हणतं, 'दान्तेइ' म्हणजे ठामपणे ठरवून सांगणं. तो ठामपणा रोजच्या बोलण्यात कानाला जाणवतो. खिडकीबाहेर बघून 'आ, आमे दा!' म्हटलं की आत्ताच लक्षात आलं, स्वतःशीच उद्गार निघाला. तुमच्या मैत्रिणीने 'आश्ता यासुमि दा!' लिहिलं असतं तर तिला सुट्टीचा आनंद झालाय असं मी वाचलं असतं. नुसतं 'आश्ता यासुमि' म्हणजे माहिती. समोरच्याला उद्देशून बोलताना शेवटी नुसता 'दा' टाकला तर तो हुकूम सोडल्यासारखा वाटतो, म्हणून बायका पूर्वापार तो टाळत आल्या आणि पुरुषही 'दा यो', 'दा ने' असं काहीतरी मागे लावून मऊ करतात. ती ओसाकाची आहे म्हणजे घरी बहुधा 'दा' म्हणतच नसेल, 'या' म्हणत असेल. पश्चिम जपानचा 'दा' वेगळा. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या ज्या पु. ल. देशपांडे उद्यानाला आपण ओकायामा बाग म्हणतो, त्या ओकायामाच्या बोलीत तो 'ज्या' आहे. पूर्वेकडचा 'दा', पश्चिमेकडचे 'ज्या' आणि 'या', सगळे 'दे आरु' झिजून झालेले.

प्रश्नार्थक 'का' आला की 'दा' पडतो: 'गाक्सेइ का?' चालेल, 'गाक्सेइ दा का?' असा थेट प्रश्न नाही. 'देस का' मात्र चालतं. 'राशिइ', 'मिताइ', 'कामोशिरेनाइ', 'दारोउ' यांच्या आधीही 'दा' पडतो, आणि कारण सरळ आहे: 'असावं', 'वाटतंय', 'कदाचित' म्हणताना ठामपणाची खुंटी कशाला? उलट 'मला वाटतं की तो विद्यार्थी आहे' याला 'गाक्सेइ दा तो ओमोउ' असंच म्हणायचं, तिथे 'दा' गाळला तर चूक. 'कारण'च्या 'कारा'आधीही लागतो: 'यासुमि दा कारा'. 'नोदे'आधी त्याचाच 'ना' होतो: 'यासुमि ना नोदे'. दोन नामं जोडताना 'नो': 'गाक्सेइ नो तानाका-सान', विद्यार्थी असलेला तानाका. 'गेंकी' (ठणठणीत) सारख्या शब्दांना तिथे 'ना', 'गेंकी ना हितो'. 'वा' आणि 'गा' या प्रत्ययांचं मी इथे काढत नाही, ते वेगळं महाभारत आहे.

एक प्रकार मात्र सांगायलाच हवा, कारण 'देस म्हणजे आहे'चा कणा तिथे मोडतो. खाणावळीत काय घेणार विचारल्यावर जपानी माणूस म्हणतो, 'बोकु वा उनागि दा'. शब्दशः बघाल तर 'मी ईल मासा आहे'. जपानी व्याकरणकारांनी याला 'उनागि-बुन' असं नावच देऊन टाकलंय आणि त्यावर भरपूर लिहिलंय. कारखान्यात आम्ही रोज ऐकायचो, 'वाताशि वा याकिन देस', माझी रात्रपाळी. यावर एका नव्या मुलाने गोंधळून विचारलं, माणूस रात्रपाळी कसा असेल? अरे, पुण्याच्या सिटी बसमध्ये कंडक्टरने विचारल्यावर तू 'मी स्वारगेट' म्हणतोस, तेव्हा तू बसस्टँड होतोस का? 'वा'ने विषय मांडला, नामाने त्याबद्दलची गोष्ट सांगितली, मधला संबंध ऐकणाऱ्याने जाणायचा. तो संबंध 'बरोबर'च्या चिन्हाचाच असला पाहिजे असं जपानीने कधीच म्हटलेलं नाही.

आता न्यायाने सरांच्या बाजूचंही. 'दा'चा उगम 'नि ते आरि'पासून आहे. त्याचं 'दे आरु' झालं, मग 'दे आ', मग 'दा'. म्हणजे त्याच्या पोटात 'आरु', असणं, इतिहासाने दडलेलं आहेच, आणि 'दे वा आरिमासेन'मध्ये ते आजही उघड दिसतं. शिवाय 'आई घरी आहे'ला 'हाहा वा इए नि इमास' हे पाठ्यपुस्तकातलं, पण 'हाहा वा इए देस' असंही लोक सर्रास म्हणतात. 'तोइरे वा दोको देस का' (स्वच्छतागृह कुठे आहे) तर तुम्हीही पहिल्या दिवशी शिकला असाल, तिथे 'नि आरिमास का' म्हटलंच पाहिजे असं नाही. तेव्हा 'देस' आणि 'असणं' यांच्यात भिंत नाही. पण सरांनी हा मुद्दा कधी मांडला नाही. त्यांनी 'अपमान' हा मुद्दा मांडला.

दुसरं, मी वर 'वाक्य पूर्ण आहे' म्हटलं ते मैत्रिणीपुरतं. तुम्ही मुलाखतीला गेलात, साहेबांना, सासूबाईंना किंवा अनोळखी माणसाला बोललात, तर 'देस' लावाच, तिथे ताइगेन-दोमेचा तोरा नको. दुकानात तुम्हाला 'देस'चं अतिआदराचं रूप 'दे गोझाइमास' ऐकू येईल, ते समजून घ्या, स्वतः म्हणायच्या भानगडीत पडू नका. 'का'आधी 'दा' नाही म्हटलं, पण 'दारे दा का वाकारानाइ' (कोण आहे कळत नाही) अशा आतल्या प्रश्नात तो राहतो.

आणि 'ओइशिइ देस' (चविष्ट आहे). विशेषणाला स्वतःचे काळ आहेत तर त्याला 'देस'ची गरजच काय? गरज नव्हतीच. तिथला 'देस' फक्त आदराचा, खुंटीचं काम तो करतच नाही. हे रूप पूर्वी अनेक जाणकारांना खटकायचं. 1952 साली जपानच्या राष्ट्रीय भाषा परिषदेने आदरार्थी बोलण्याबद्दल शिफारशी केल्या, त्यांत 'ओओकिइ देस' (मोठं आहे) सारखं रूप साधं-सुटसुटीत म्हणून मान्य करायला हरकत नाही असं सांगितलं, तेव्हा कुठे ते पाठ्यपुस्तकी झालं. त्याची अडगळ आजही दिसते: साध्या बोलण्यात 'ओइशिइ दा' कुणीही म्हणत नाही.

पुढच्या तासाला सरांना किंवा मॅडमना एवढंच विचारा: 'आमे देस'चा भूतकाळ 'आमे देश्ता' होतो, तर 'ओइशिइ देस'चा 'ओइशिइ देश्ता' का नाही, 'ओइशिकात्ता देस' का? काळ विशेषणातच आहे, 'देस' नुसता आदराला, असं काहीसं उत्तर आलं तर तिथेच शिका. 'अपवाद आहे, पाठ करा' असं आलं तर फी परत मागा आणि दुसरा क्लास बघा. पुण्यात असाल तर जपानीच्या क्लासना तोटा नाही.